पी५३ शोधणारे प्रतिपिंड पहिल्यांदा वापरताना

पी५३ हे प्रथिन पेशीत आहे का, किती आहे आणि नेमके कोठे आहे, हे पाहण्यासाठी वापरले जाणारे प्रतिपिंड, म्हणजेच अँटिबॉडी, कर्करोगाच्या संशोधनात सर्रास लागणारे साधन आहे. त्याचा वापर वरकरणी सोपा वाटतो, कारण नमुना जेलवर चालवायचा, मेंब्रेनवर उतरवायचा, प्रतिपिंड घालायचे आणि बँड, म्हणजे प्रथिनाची उमटलेली रेघ, पाहायचा, एवढेच त्यात दिसते. परंतु दिसलेला बँड पी५३चाच आहे असे म्हणण्याचा आधार बँडमध्ये नसतो. तो आधार शेजारच्या, पी५३ नसलेल्या पेशींच्या ज्या रकान्यात (जेलवरील एका नमुन्याच्या मार्गात) बँड दिसत नाही, त्या रकान्यात असतो. पुढील सर्व पायऱ्या ही गोष्ट ध्यानात ठेवून मांडल्या आहेत. मुख्य भर जेल-मेंब्रेनच्या या पद्धतीवर, म्हणजे वेस्टर्न ब्लॉटवर आहे आणि शेवटी ऊतींच्या छेदांवरील रंगक्रियेविषयी आवश्यक तेवढे सांगितले आहे.

प्रथिनाची ओळख आधी करून घ्यावी

ज्या प्रथिनाचा शोध घ्यायचा त्याचा स्वभाव माहीत नसेल, तर निकाल समोर असूनही वाचता येत नाही. पी५३चा शोध १९७९ मध्ये अनेक गटांनी जवळपास एकाच वेळी लावला. जेलवर ते ५३ किलोडाल्टनच्या आसपास धावले म्हणून त्याला हे नाव मिळाले. मात्र या प्रथिनात ३९३ अमिनो आम्ले असून त्याचे खरे वस्तुमान सुमारे ४३.७ किलोडाल्टन आहे. त्यातील प्रोलिनने समृद्ध भागामुळे ते जेलमध्ये अपेक्षेपेक्षा हळू सरकते. त्यामुळे अमिनो आम्लांवरून वस्तुमान काढून ४४ किलोडाल्टनला बँड शोधणारा नवखा संशोधक चुकीच्या जागी पाहत बसतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की निरोगी, शांत पेशीत पी५३ अत्यल्प असते. एमडीएम२ नावाचे प्रथिन त्याला सतत विघटनाकडे पाठवत असते आणि त्याचे अर्धायुष्य अवघे काही मिनिटे, साधारण वीस मिनिटांच्या आसपास असते. डीएनएला इजा झाली की हे विघटन थांबते आणि काही तासांत पी५३ साठू लागते. कर्करोगाच्या पेशींत मात्र एखाद्या अमिनो आम्लाचा बदल झालेले पी५३ पुष्कळदा विघटनातून सुटते आणि इजा नसतानाही मोठ्या प्रमाणात साठून राहते. १७५, २४८ आणि २७३ या स्थानांवरील आर्जिनिनचे बदल विशेष आढळतात. उलट, जनुकात अकाली पूर्णविराम आणणारा बदल झाला असेल तर प्रथिन मुळीच दिसत नाही. म्हणजे बँड गडद असणे हे प्रथिन नीट काम करत असल्याचे लक्षण नव्हे, आणि बँड नसणे हे पेशी निरोगी असल्याचे लक्षण नव्हे. पी५३च्या बाबतीत कमी-अधिकाचा अर्थ लावताना इतर प्रथिनांची सवय बाजूला ठेवावी लागते.

पहिली पायरी: क्लोन निवडणे

‘पी५३चे प्रतिपिंड हवे’ एवढ्या मागणीवर खरेदी करू नये, कारण बाजारात त्याचे अनेक क्लोन, म्हणजे निरनिराळ्या पेशीसमूहांतून मिळणारी प्रतिपिंडे, उपलब्ध आहेत आणि प्रत्येक क्लोन प्रथिनाच्या निराळ्या तुकड्याला, म्हणजे निराळ्या एपिटोपला, चिकटतो. एकाच पेशीसमूहापासून अखंड मिळणाऱ्या अशा एकक्लोनी प्रतिपिंडांचे तंत्र कोलर आणि मिलस्टीन यांनी १९७५ मध्ये मांडले. पी५३च्या अभ्यासातले नावाजलेले क्लोन याच तंत्रातून आले आहेत.

डीओ-१ हा त्यांपैकी सर्वांत परिचित असून तो मानवी पी५३च्या आरंभीच्या टोकाजवळ, २० ते २५ या अमिनो आम्लांच्या परिसरात चिकटतो. डीओ-७चे स्थानही जवळपास तेच आहे आणि ऊतींच्या छेदांवर त्याचा वापर फार होतो. पीएबी१८०१ हा ४६ ते ५५ या भागाला, तर पीएबी४२१ हा शेवटच्या टोकाजवळ, ३७१ ते ३८० या भागाला धरतो. या आकड्यांतून प्रत्यक्ष कामासाठी तीन गोष्टी निघतात. उंदरातील पी५३चा आरंभीचा भाग मानवी प्रथिनाहून वेगळा असल्यामुळे डीओ-१ उंदराच्या नमुन्यावर चालत नाही. आरंभीचा भाग नसलेली पी५३ची छोटी रूपे, उदाहरणार्थ १३३व्या अमिनो आम्लापासून सुरू होणारे रूप, डीओ-१ला दिसतच नाहीत. आणि २०व्या स्थानावरील सेरीनवर फॉस्फेट बसला की डीओ-१ची पकड ढिली पडते. डीएनएला इजा झाल्यानंतर नेमका तोच फॉस्फेट बसत असल्यामुळे अशा प्रयोगात बँड अपेक्षेहून फिका दिसला, तर प्रथिन घटले असा निष्कर्ष काढण्यापूर्वी दुसऱ्या टोकाला चिकटणाऱ्या क्लोनने खात्री करून घ्यावी.

पीएबी२४० या क्लोनविषयी वेगळी सूचना द्यावीशी वाटते. घडी बिघडलेल्या, बदललेल्या पी५३ला ओळखणारे प्रतिपिंड अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरीही आहे, पण प्रथिन उकळून उलगडलेले नसेल तोपर्यंतच. वेस्टर्न ब्लॉटमध्ये सर्वच प्रथिने उकळून उलगडलेली असतात, त्यामुळे दडलेला एपिटोप सर्वांतच उघडा पडतो आणि पीएबी२४० साधे व बदललेले असे दोन्ही प्रकार सारखेच दाखवतो. वेस्टर्नवर या क्लोनचा बँड दिसला म्हणून जनुकात बदल आहे असे लिहिणे चुकीचे ठरते.

माहितीपत्रक वाचताना क्लोनचे नाव, कोणत्या प्राण्यात तयार केले, उपप्रकार, संहती, कोणत्या प्रजातींवर आणि कोणत्या तंत्रांसाठी तपासले, हे सर्व पाहावे. वेस्टर्नला चालणारे प्रतिपिंड पॅराफिनच्या छेदावर चालेलच असे नाही. पत्रकावरील चित्रात फक्त एक रकाना आणि एक कापलेला पट्टा दाखवला असेल, तर मी ते प्रतिपिंड अप्रमाणित समजतो. संपूर्ण मेंब्रेन आणि शेजारी पी५३ नसलेल्या पेशींचा रकाना दाखवणाऱ्या उत्पादकावर अधिक विश्वास ठेवावा. ‘केवळ संशोधनासाठी’ हा शिक्काही गांभीर्याने घ्यावा. अशा प्रतिपिंडाच्या निकालावरून कोणत्याही रुग्णाचे निदान करता येत नाही.

दुसरी पायरी: कुपी आल्यावर

कुपी उघडण्यापूर्वी ती काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी, कारण वाहतुकीत बरेचसे द्रव झाकणाला चिकटलेले असते आणि १०० मायक्रोलिटरच्या कुपीत तेवढे थेंबही मोलाचे असतात. त्यानंतर पत्रकात सांगितल्याप्रमाणे साठवण करावी. पन्नास टक्के ग्लिसरॉल असलेली द्रावणे उणे २० अंशांवरही गोठत नाहीत, त्यामुळे ती थेट तेथे ठेवता येतात. ग्लिसरॉल नसलेली द्रावणे मात्र पुन्हापुन्हा गोठवणे-वितळवणे टाळण्यासाठी लहान भागांत वाटून ठेवावीत. आपोआप बर्फ वितळवणारा फ्रीझर यासाठी वापरू नये, कारण त्यातले तापमान सतत वरखाली होते. प्रत्येक नळीवर क्लोन, बॅच क्रमांक, संहती आणि तारीख लिहावी.

तिसरी पायरी: नियंत्रण नमुने, आणि तेही आपल्या नमुन्यांच्या आधी

या संपूर्ण कामात सर्वाधिक वेळ येथे द्यावा असे माझे ठाम मत आहे. आपले मोलाचे नमुने पहिल्याच ब्लॉटवर चढवण्याची घाई बहुतेक जण करतात. परंतु प्रतिपिंड आपल्या प्रयोगशाळेत, आपल्या द्रावणांत कसे वागते हे ठाऊक नसताना त्या ब्लॉटमधून हाती आलेला निकाल वाचता येत नाही. पहिला ब्लॉट फक्त नियंत्रणांचा असावा.

पी५३च्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण योग्य सेल लाइन, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढवल्या जाणाऱ्या पेशी, सहज मिळतात. साओस-२ या हाडाच्या कर्करोगाच्या आणि एच१२९९ या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींत पी५३ तयारच होत नाही. त्यामुळे तेथे ५३ किलोडाल्टनला काहीही दिसता कामा नये. एचसीटी११६ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत मूळ, न बदललेले पी५३ आहे, आणि याच पेशींपासून पी५३चे जनुक निकामी केलेली जोडीही बनवलेली आहे. बाकी सर्व सारखे आणि एकाच जनुकाचा फरक, यामुळे ही जोडी उपलब्ध असल्यास तिच्याइतका स्पष्ट पुरावा दुसरा नाही. एमसीएफ-७ आणि ए५४९ यांतही मूळ पी५३ असते. बदललेले आणि भरपूर साठलेले पी५३ पाहायचे असेल, तर एमडीए-एमबी-४६८, एचटी-२९ किंवा एसके-बीआर-३ यांपैकी एखादी घ्यावी. पहिल्या दोहोंत २७३व्या स्थानी, तर तिसरीत १७५व्या स्थानी बदल आहे.

दोन सेल लाइनविषयी सावध राहावे, कारण त्या जवळपास प्रत्येक प्रयोगशाळेत हाताशी असतात आणि म्हणूनच नकळत नियंत्रण म्हणून वापरल्या जातात. हेला पेशींत मानवी पॅपिलोमा विषाणूच्या १८व्या प्रकाराची जनुके आहेत आणि त्यांतील ई६ हे प्रथिन पी५३ला विघटनास लावते. त्यामुळे हेलामधील बँड क्षीण असतो आणि प्रतिपिंड निकृष्ट असल्याचा भास होतो. याउलट एचईके२९३ पेशींत ॲडिनोव्हायरसच्या प्रथिनांमुळे पी५३ स्थिरावून भरपूर साठते. तेथे सुरेख बँड दिसतो, पण ती पेशीची स्वाभाविक स्थिती नव्हे.

मूळ पी५३ असलेल्या पेशींना डिवचून प्रथिन वाढवून दाखवणे, हे आणखी एक उत्तम नियंत्रण आहे. एचसीटी११६ किंवा एमसीएफ-७ पेशींना डीएनएला इजा करणारे डॉक्सोरुबिसिन सुमारे १ मायक्रोमोलर संहतीने १६ ते २४ तास दिल्यास, किंवा एमडीएम२ची पकड रोखणारे नटलिन-३ १० मायक्रोमोलरने दिल्यास, पी५३चा बँड स्पष्टपणे वाढायला हवा. शेजारी औषध न दिलेल्या पेशी ठेवाव्यात आणि त्यांना औषधासाठी वापरलेले द्रावक तेवढ्याच प्रमाणात द्यावे. डॉक्सोरुबिसिन विषारी असल्याने हातमोजे आणि टाकाऊ द्रवांची योग्य विल्हेवाट या बाबी आल्याच. पुढे हाच प्रयोग इम्युनोफ्लुओरेसन्सने, म्हणजे प्रकाशणाऱ्या प्रतिपिंडांनी, करायचा असेल, तर डॉक्सोरुबिसिन स्वतः लाल-नारिंगी प्रकाशते आणि पी५३प्रमाणेच केंद्रकात जमते, हे विसरू नये. तेथे नटलिन बरे.

अशा रीतीने पहिल्या ब्लॉटवर साओस-२ किंवा एच१२९९, डॉक्सोरुबिसिन न दिलेले एचसीटी११६, दिलेले एचसीटी११६ आणि एमडीए-एमबी-४६८ असे चार रकाने घ्यावेत. पहिल्या रकान्यात काही नाही, दुसऱ्यात फिका, तिसऱ्यात ठळक आणि चौथ्यात औषधाविनाच ठळक बँड, असे चित्र मिळाले की प्रतिपिंड आपल्या हातांत पी५३लाच ओळखते असे म्हणता येते.

चौथी पायरी: लायसेट आणि प्रथिनाचे मोजमाप

पेशी थंड फॉस्फेट द्रावणाने धुऊन बर्फावरच राइपा या डिटर्जंटयुक्त बफरमध्ये फोडाव्यात. फुटलेल्या पेशींच्या या द्रावणालाच लायसेट म्हणतात. त्या बफरमध्ये प्रोटिएज रोधकांचे, म्हणजे प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखणाऱ्या द्रव्यांचे, मिश्रण ऐन वेळी घालावे. पी५३चे अर्धायुष्य अल्प असल्याने येथे रेंगाळून चालत नाही. ताट इन्क्युबेटरमधून काढल्यापासून पेशी फुटेपर्यंतचा वेळ सर्व नमुन्यांसाठी सारखा आणि थोडा ठेवावा. पी५३ मुख्यतः केंद्रकात असते, म्हणून सौम्य बफरने केवळ पेशीद्रव्य मोकळे करून भागत नाही. राइपाने केंद्रकेही फुटतात, मात्र त्यामुळे डीएनए बाहेर येऊन लायसेट चिकट होते. थोडा वेळ सोनिकेशन केल्यास किंवा बारीक सुईतून काही वेळा ओढल्यास ते पातळ होते आणि मग रकान्यांत सरळ भरता येते. फॉस्फेट बसलेली रूपे पाहायची असतील तर फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या विकरांचे, रोधकही लागतात.

प्रथिनाची संहती बीसीए या रंगमापनाच्या पद्धतीने मोजावी. ब्रॅडफर्ड पद्धतीला राइपामधील डिटर्जंट सोसत नाही. समजा, लायसेटची संहती दर मायक्रोलिटरला ३.२ मायक्रोग्रॅम निघाली आणि प्रत्येक रकान्यात २० मायक्रोग्रॅम प्रथिन घालायचे आहे. म्हणजे ६.२५ मायक्रोलिटर लायसेट, चौपट संहतीचे नमुना-बफर ५ मायक्रोलिटर आणि पाणी ८.७५ मायक्रोलिटर, असे एकूण २० मायक्रोलिटर होतात. हा हिशेब प्रत्येक नमुन्यासाठी वहीत मांडून, सर्व नमुन्यांचे आकारमान सारखे ठेवून मगच पिपेट हातात घ्यावे. नमुने ९५ अंशांवर पाच मिनिटे तापवून थोडे फिरवून घ्यावेत.

पाचवी पायरी: जेल आणि मेंब्रेन

पी५३साठी दहा टक्क्यांचे जेल योग्य ठरते. ॲक्रिलामाइडचे द्रव रूप मज्जासंस्थेस घातक आहे, त्यामुळे जेल स्वतः ओतणाऱ्यांनी हातमोजे कधीही काढू नयेत. एका बाजूस रंगीत लॅडर, म्हणजे वस्तुमान ठाऊक असलेल्या प्रथिनांचे मिश्रण, घ्यावी. पीव्हीडीएफ मेंब्रेन वापरायचे असल्यास ते आधी मिथेनॉलमध्ये भिजवावे लागते. नायट्रोसेल्युलोजला त्याची गरज नसते. हस्तांतरण झाल्यावर पॉन्सो एस रंगाने मेंब्रेन रंगवून त्याचे छायाचित्र घ्यावे. दोन मिनिटांच्या या कामातून हवेचे बुडबुडे, असमान भरलेले रकाने आणि फसलेले हस्तांतरण त्याच दिवशी कळते. अन्यथा हाच दोष दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडाच्या माथी मारला जातो.

सहावी पायरी: ब्लॉकिंग आणि पहिले प्रतिपिंड

टीबीएस या मिठाच्या बफर द्रावणात ०.१ टक्का ट्वीन-२० आणि पाच टक्के साय काढलेल्या दुधाची पावडर घालून खोलीच्या तापमानाला तासभर ब्लॉकिंग करावे. मेंब्रेनवरील मोकळ्या जागा भरून टाकणे, एवढाच त्याचा हेतू असतो. फॉस्फेट ओळखणाऱ्या प्रतिपिंडांसाठी दुधाऐवजी बीएसए हे गाईच्या रक्तातील प्रथिन वापरण्याची प्रथा आहे, कारण दुधातील केसिनवर स्वतःचेच पुष्कळ फॉस्फेट असतात.

आता विरलीकरणाचा प्रश्न. पत्रकावर किंवा एखाद्या शोधनिबंधात ‘एकास हजार’ असे लिहिलेले असते आणि नवखे संशोधक ते डोळे झाकून उचलतात. पण एका उत्पादकाची कुपी दर मिलिलिटरला १ मिलिग्रॅमची असते, तर दुसऱ्याची २०० मायक्रोग्रॅमची. एकास हजार केल्यावर पहिल्यातून दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम आणि दुसऱ्यातून ०.२ मायक्रोग्रॅम प्रतिपिंड मिळते. म्हणजे शब्द तेच असले तरी प्रत्यक्षात पाचपट फरक पडतो. म्हणून नेहमी अंतिम संहतीत विचार करावा आणि वहीतही तीच लिहावी. पहिल्या वेळी नियंत्रणांचे तेच रकाने तीन पट्ट्यांवर घेऊन दर मिलिलिटरला १, ०.५ आणि ०.२ मायक्रोग्रॅम अशा संहती तपासाव्यात. ज्या संहतीला एचसीटी११६चा बँड स्पष्ट आणि साओस-२चा रकाना स्वच्छ राहतो, ती निवडावी. सर्वांत गडद बँड देणारी संहती उत्तम असते, हा समज सोडून द्यावा. प्रतिपिंड जास्त झाले की ते नको तेथेही चिकटू लागते.

पहिल्या प्रतिपिंडात मेंब्रेन ४ अंशांवर रात्रभर हलते ठेवावे. हे द्रावण पुन्हा वापरण्यासाठी त्यात सोडियम अझाइड घातले तर चालते, कारण ते पुढे धुऊन निघते. दुसऱ्या प्रतिपिंडाच्या, म्हणजे पहिल्याला चिकटून त्याची जागा दाखवणाऱ्या प्रतिपिंडाच्या, द्रावणात मात्र अझाइड कदापि नसावे, कारण ते त्याला जोडलेल्या एचआरपी या विकराला निकामी करते. अझाइड स्वतः अत्यंत विषारी आहे, हेही लक्षात असू द्यावे.

सातवी पायरी: धुणे, दुसरे प्रतिपिंड आणि प्रकाशचित्र

मेंब्रेन ट्वीनयुक्त टीबीएसमध्ये तीन वेळा, प्रत्येकी दहा मिनिटे धुवावे. भांडे पुरेसे मोठे आणि द्रावण भरपूर असावे. डीओ-१ हे प्रतिपिंड उंदरात तयार केलेले असल्यामुळे दुसरे प्रतिपिंड उंदराच्या प्रतिपिंडांना ओळखणारे, एचआरपी जोडलेले घ्यावे. ते साधारण एकास पाच हजार ते एकास दहा हजार या मर्यादेत तासभर पुरते. पुन्हा तसेच धुऊन, एचआरपीमुळे प्रकाश देणारे ईसीएल द्रावण घालावे आणि चित्र घ्यावे. एक पट्टा केवळ दुसऱ्या प्रतिपिंडात ठेवलेला असावा, म्हणजे त्याच्याकडून येणारे बँड वेगळे ओळखता येतात. उंदराच्या ऊतींचे लायसेट वापरत असाल तर हे विशेषच आवश्यक आहे, कारण ऊतींतील स्वतःची प्रतिपिंडे दुसऱ्या प्रतिपिंडाला चिकटून ५० किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे पी५३च्या अगदी दारात, जाड बँड देतात.

चित्र घेताना काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचे अनेक प्रकाशकाल घ्यावेत. कॅमेऱ्याने एखादा बँड संपृक्त, म्हणजे मोजता येण्याच्या मर्यादेपलीकडे, झाल्याचे दाखवले, तर त्या चित्रावरून मोजमाप करू नये. एमडीए-एमबी-४६८चा बँड संपृक्त होईपर्यंत एचसीटी११६चा दिसू लागलेला नसतो, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी दोन प्रकाशकाल स्वतंत्र दाखवून तसे नमूद करणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

रकान्यांतील प्रथिन सारखे होते हे दाखवण्यासाठी बीटा-ॲक्टिन किंवा जीएपीडीएच पाहिले जाते. ॲक्टिन ४२ किलोडाल्टनला आणि जीएपीडीएच ३७च्या आसपास दिसते. ट्युब्युलिन ५० ते ५५ किलोडाल्टनमध्ये येत असल्याने त्याच मेंब्रेनवर पी५३सोबत ते घेऊ नये. नीट घेतलेले पॉन्सोचे किंवा एकूण प्रथिनाचे चित्र मला एकट्या ॲक्टिनपेक्षा अधिक भरवशाचे वाटते, कारण २० मायक्रोग्रॅममध्ये ॲक्टिनचा बँड सहज संपृक्त होतो आणि मग कमी-जास्त भरलेले रकानेही सारखेच दिसू लागतात.

आठवी पायरी: बँड वाचणे

बँड दिसल्यावर प्रथम पी५३ नसलेला रकाना पाहावा, आपला नमुना नंतर. तेथे ५३ किलोडाल्टनला बँड असेल, तर आपल्या नमुन्यातील बँडविषयी काहीही बोलता येत नाही. संहती कमी करून, धुणे वाढवून, ब्लॉकिंग बदलूनही तो गेला नाही, तर प्रतिपिंड बदलावे. तेथे इतर उंचीवर बँड असतील आणि तेच सर्व रकान्यांत असतील, तर ते अविशिष्ट आहेत असे समजून तशी नोंद करावी, पण चित्र कापून ते लपवू नयेत.

फक्त पी५३ असलेल्या रकान्यांत, ५३च्या खाली अधिकचे बँड दिसले, तर दोन शक्यता राहतात: नमुना तयार करताना झालेले विघटन, किंवा पी५३ची छोटी रूपे. ताज्या लायसेटने, अधिक प्रोटिएज रोधक घालून प्रयोग पुन्हा केल्यावर बँड नाहीसे झाले, तर विघटनच होते. कधी कधी एकाच उंचीवर अगदी जवळजवळ दोन बँड दिसतात किंवा दोन सेल लाइनमधील बँड किंचित वर-खाली असतात. ७२व्या स्थानी काही लोकांत आर्जिनिन तर काहींत प्रोलिन असते, आणि प्रोलिनचे रूप जेलमध्ये थोडे हळू धावते. हा दोष नसून त्या पेशींचा वारसा आहे.

सर्व रकाने कोरे असतील तर मागून पुढे तपासत यावे. ईसीएल द्रावणाच्या थेंबात दुसऱ्या प्रतिपिंडाचा अंश टाकून ते उजळते का पाहावे. पॉन्सोचे चित्र पुन्हा काढून बघावे. दुसरे प्रतिपिंड योग्य प्राण्याविरुद्ध आहे ना, याची खात्री करावी. हे सर्व ठीक असेल आणि केवळ मूळ पी५३ असलेल्या, न डिवचलेल्या पेशींत बँड नसेल, तर त्यात नवल नाही. तेथे प्रथिनच थोडे असते, आणि डॉक्सोरुबिसिन दिलेला रकाना याच क्षणी आपली शंका मिटवतो.

एका प्रतिपिंडावर विसंबून मोठा दावा करायचा नसतो. प्रतिपिंडांच्या पडताळणीसाठी नेमलेल्या आंतरराष्ट्रीय कार्यगटाने २०१६ मध्ये पाच मार्ग सुचवले: जनुक निकामी करून किंवा दाबून पाहणे, प्रतिपिंडाविना होणाऱ्या दुसऱ्या पद्धतीशी मेळ घालणे, वेगळ्या एपिटोपचे दुसरे प्रतिपिंड वापरणे, खूण जोडलेले प्रथिन पेशीत व्यक्त करणे, आणि प्रतिपिंडाने पकडलेले प्रथिन मास स्पेक्ट्रोमेट्रीने ओळखणे. पी५३च्या बाबतीत पहिला आणि तिसरा मार्ग कोणत्याही लहान प्रयोगशाळेस परवडण्याजोगे आहेत. डीओ-१सोबत शेवटच्या टोकाला चिकटणारा एखादा क्लोन ठेवला की काम होते. डीओ-१ला डीओ-७ची जोड देऊन ‘दोन प्रतिपिंडांनी पडताळले’ असे लिहू नये, कारण दोघांचा एपिटोप जवळपास एकच आहे.

ऊतींच्या छेदांवर वापरताना

फॉर्मॅलिनमध्ये स्थिर करून पॅराफिनमध्ये बसवलेल्या ऊतींत एपिटोप रासायनिक बंधांनी झाकले जातात. त्यामुळे ६ पीएचच्या सायट्रेट किंवा ९ पीएचच्या ट्रिस-ईडीटीए द्रावणात छेद तापवून ते उघडे करावे लागतात. पेरॉक्सिडेज विकरामुळे तपकिरी होणारा डीएबी रंग वापरायचा असेल तर ऊतीतील स्वतःचे पेरॉक्सिडेज आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने शमवावे. छेद ताजे कापलेले असावेत, कारण कापून महिनोन्महिने ठेवलेल्या स्लाइडवर रंग फिका उतरतो.

येथे किती टक्के पेशी रंगल्या याहून रंगाची ठेवण अधिक बोलते. केंद्रके कुठे फिकी, कुठे मध्यम, कुठे कोरी अशी संमिश्र दिसत असतील, तर पी५३ बहुधा मूळ स्वरूपात आहे. ट्यूमरची जवळपास सर्व केंद्रके एकसारखी गडद दिसली, तर बदललेले प्रथिन साठल्याचा संशय घ्यावा. आणि ट्यूमरचे एकही केंद्रक रंगलेले नाही, पण त्याच छेदातील आधार-ऊतीच्या पेशी व लिम्फोसाइट हलके रंगलेले आहेत, असे दिसले तर तीही बदलाचीच खूण आहे. शेजारच्या सामान्य पेशीही कोऱ्या असतील तर मात्र रंगक्रियाच फसली असे समजून स्लाइड बाद करावी. अंडाशयाच्या उच्च श्रेणीच्या सिरस कर्करोगात या ठेवणी ठळकपणे अभ्यासता येतात, कारण २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅन्सर जीनोम ॲटलासच्या अभ्यासात अशा ९६ टक्के ट्यूमरमध्ये पी५३च्या जनुकात बदल आढळले. सुरुवातीच्या स्लाइड अनुभवी विकृतिशास्त्रज्ञाच्या शेजारी बसून वाचाव्यात. पेशीद्रव्यातील पार्श्वरंग आणि केंद्रकातील खरा रंग यांतला भेद लेख वाचून डोळ्यांत बसत नाही.

नोंदी आणि नवी बॅच

वहीत आणि पुढे शोधनिबंधात उत्पादकाचे नाव, उत्पादन क्रमांक, क्लोन, बॅच क्रमांक, अंतिम संहती आणि उपलब्ध असल्यास प्रतिपिंडाचा आरआरआयडी हा संशोधन-साधनाचा ओळख क्रमांक लिहावा. कापलेला पट्टा छापला तरी संपूर्ण मेंब्रेनचे मूळ चित्र जपून ठेवावे. एकक्लोनी प्रतिपिंडांत बॅचनुसार फरक कमी असतो, पण अजिबात नसतो असे नाही, आणि अनेकक्लोनी प्रतिपिंडांत तो मोठा असू शकतो. म्हणून पहिल्या ब्लॉटसाठी केलेल्या चार नियंत्रण लायसेटचे लहान भाग उणे ८० अंशांवर राखून ठेवावेत. जुनी कुपी संपत आली की, ती पूर्ण संपण्याआधी, त्याच लायसेटवर जुनी आणि नवी बॅच एकाच दिवशी शेजारी-शेजारी चालवावी आणि दोन्ही चित्रे वहीत एकत्र चिकटवावीत.